सोनवावळाची सात रोपं

आमच्या घरी सकाळ इंजिनाच्या आवाजाने व्हायची. अमरावतीहून वरूडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची नर्सरी होती आणि तिच्या मधोमध विटांच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. विहिरीवरचं डिझेल इंजिन बाबा हँडल मारून सुरू करत. ते दोनदा खोकायचं, तिसऱ्यांदा धरायचं. माय तोवर चुलीपाशी बसून भाकरी थापत असायची आणि काकू तुरीच्या शेंगा सोलत असायची. हिवाळ्यात सोल्यांची भाजी आठवड्यातून चार दिवस तरी व्हायची आणि आम्हाला तिचा कंटाळा आल्याचं मला आठवत नाही. आम्ही माळी. भाजी, फुलं, फळझाडं हेच घरात बोललं जायचं. बाबा संत्र्याचे डोळे बांधण्यात, म्हणजे कलमं करण्यात, पंचक्रोशीत नावाजलेले होते. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चाकूने चीर द्यायची, संत्र्याचा डोळा त्यात सरकवायचा आणि पट्टीने आवळायचा, हे काम ते बोलता बोलता करत. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मागोमाग पट्टी बांधत जायचे. हिवाळ्यात दोघंही वरूडकडच्या बागायतदारांकडे बोलावून जात आणि आठवडा आठवडा तिकडेच राहत. मग नर्सरी आम्हा बायकांवर असायची.

घरात एक रीत होती. काकू बाबांशी थेट बोलत नसे. मोठ्या दिरासमोर ती पदर ओढून बाजूला होई, आणि बाबाही तिच्याशी बोलत नसत. चार हातांवर ती उभी असली तरी मला म्हणत, “शके, तिले सांग, इंजिन बंद कर म्हनून.” मी वळून म्हणायची, “काकू, इंजिन बंद कर.” काकूने ते आधीच ऐकलेलं असायचं, पण माझं सांगून होईपर्यंत ती जागची हलत नसे. उत्तरही माझ्याच मार्फत परत जायचं. यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं. मला तर हे काम फार आवडायचं. दोन मोठी माणसं माझ्याशिवाय एकमेकांशी बोलू शकत नाहीत, याचा मला चांगलाच माज होता.

दुसरा माज अक्षराचा. बाबा दुसरीपर्यंत शिकलेले. त्यामुळे सहावीत गेल्यापासून रोपांच्या पट्ट्या मी लिहायची. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, खिळ्याने नाव कोरायचं, तारेने रोपाला बांधायचं. तिथूनच मला याद्यांची सवय लागली. पाणी कोणत्या वाफ्याला झालं, पिशव्या किती भरायच्या, दूध कोणाचं आलं नाही, सगळं मी वहीत लिहायची आणि झालं की पुढे बरोबरची खूण करायची. काकू हसायची. म्हणायची, “ही पोट्टी सासरी जाईन तवा सासूले बी यादी देईन.” काकू दोनच वर्षांपूर्वी वरूडहून लग्न होऊन आली होती आणि दहावी पास होती. आमच्या घरातलं सगळ्यात जास्त शिक्षण तिचं होतं, पण ते कोणी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिताना लक्षात येतं, तिला पट्ट्या लिहायला कोणी कधी सांगितलंच नाही.

वावळाचं झाड तुम्ही रस्त्याच्या कडेला पाहिलं असेल. उंच वाढतं, पान चुरगळलं की उग्र वास येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला पापडासारख्या पातळ गोल चकत्या लागतात. वाऱ्याने त्या अंगणभर होतात. आम्ही त्या हातावर चोळून मधला दाणा खायचो. हे झाड विकत घ्यायला नर्सरीत कोणी येत नाही, ते आपलं आपण उगवतं. पण एका वर्षी बाबा हिवरखेडला एका बागेचं काम बघायला गेले, तेव्हा विहिरीच्या काठावरच्या जुन्या वावळाला त्यांना एक फांदी वेगळी दिसली. बाकीचं झाड हिरवं, आणि ती एकच फांदी पिवळीजर्द. तिच्या डहाळ्या सरळ खाली लोंबत होत्या, अगदी पाण्यावर. बाबांनी त्या फांदीच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन आले. वावळाच्याच रोपांवर त्यांनी ते डोळे बांधले. येणारेजाणारे थट्टा करायचे, “काहो, वावयाले कोनी कलम करते काय? उद्या बाभयीले करसान.” बाबा म्हणायचे, “करीन. तिले बी सोन्याची फांदी येऊ द्या.”

तीस बांधले, त्यातले अकरा धरले. पालवी फुटली तेव्हा पडवीतून पाहिलं तर विहिरीपाशी कोणी हळद सांडली आहे असं वाटायचं. ‘सोनवावळ’ हे नाव काकूने ठेवलं. ती माझ्याकडे बघून बोलली, बाबांनी ऐकलं, आणि मला म्हणाले, “तिले सांग, नाव चांगलं आहे.” मी सांगितलं. काकू पदराआड हसली. त्या अकरांतली चार रोपं बंगल्यांत गेली, दोन अमरावतीला, दोन अकोल्याला. सात बाबांनी ठेवून घेतली, पुढच्या काड्यांसाठी. त्याच वर्षी हिवरखेडची विहीर रुंद करताना ते जुनं झाड पाडलं गेलं. बातमी कळली तेव्हा बाबा उठून विहिरीपाशी गेले आणि सात रोपं एकदा मोजून आले.

संत्र्याच्या मुलखात पिवळ्या पानाला माणूस घाबरतो. हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. पान पिवळं म्हणजे मुळाला काहीतरी झालं, आज एक रोप, उद्या वाफा, परवा गिऱ्हाइकाची बाग. त्या हिवाळ्यात आमच्या जंबेरीच्या दोन वाफ्यांत रोपं पिवळी पडायला लागली होती. वरूडला निघताना बाबा सायकलवर टांग टाकता टाकता मला म्हणाले, “पिवयं दिसलं का उपटून जायून टाकजो. एक बी ठेवजो नको.” दोन दिवसांनी अकोल्याहून मावशीच्या लग्नाचा निरोप आला. माय आणि मी चार दिवस जाणार, काकू एकटी राहणार, जोडीला मजुरीच्या दोन बाया. मी वहीचं पान फाडलं आणि काकूसाठी यादी केली. दहा कामं. सातवं काम असं लिहिलं: ‘पिवळे दिसेल ते प्रत्येक रोप उपटून जाळणे. एकही ठेवू नये.’ बाबांचं बोलणं मी शुद्ध भाषेत उतरवलं होतं आणि मला ते फार छान वाटलं होतं. ‘प्रत्येक’च्या खाली रेघसुद्धा मारली.

लग्नात माझं मन लागलं नाही. मांडवात बसले की पाय हलायचे, माय मांडीवर चापट मारायची. कोणी वाढायला चुकत होतं, कोणी पंगतीत पाणी न देताच पुढे जात होतं, आणि मला सारखं वाटत होतं की यांना कोणीतरी यादी करून द्यायला हवी. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम काहीतरी टोचल्यासारखं झालं. काय ते कळेना. परतीच्या एसटीत बडनेऱ्याच्या अलीकडे ते कळलं. मी मायला म्हटलं, “माय, वावय बी पिवयेच आहेत ना.” ती अर्धवट झोपेत होती. “कोनते वावय?” म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकलं. पुढचा सगळा रस्ता मी सीटच्या दांड्याला धरून उभी होते. माझ्या उभं राहण्याने गाडी लवकर जाणार नव्हती, पण बसवत नव्हतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाबा आणि काका त्याच दुपारी आलेले होते. विहिरीपाशी राखेचा ढीग होता, धूर निवाला होता, पण वावळाच्या पानांचा उग्र वास अजून हवेत होता. बाबा उकिडवे बसून काडीने राख उकरत होते. एकेक करून त्यांनी सात पट्ट्या बाहेर काढल्या. काळ्या पडल्या होत्या, तरी अक्षर वाचता येत होतं. पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं जळत नाही. काकू पडवीच्या खांबाआड पदर ओढून उभी होती. तिच्या कमरेला काहीतरी खोचलेलं होतं, आणि मला ते कागदाचं टोक ओळखू आलं.

बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, “शके, इचार तिले. कोनं सांगितलं होतं?”

रीत होती. विचारायचं मलाच होतं. पडवीपर्यंत दहा पावलं असतील. मी काकूसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “काकू, कोनं सांगितलं होतं?” काकूने माझ्याकडे पाहिलं. कमरेच्या कागदाचं टोक पदराखाली सारलं. मग म्हणाली, “सांग, मले समजलं नाही म्हनून.”

मी परत आले आणि बाबांना म्हटलं, “तिले समजलं नाही.”

बाबा उठले. “नाव तिनंच ठेवलं होतं ना?” ते माझ्याशी बोलत होते, पण आवाज पडवीपर्यंत जाईल एवढा होता. “नाव ठेवते अन् म्हनते समजलं नाही. जानून केलं हे.” काकांनी “दादा, आसं काहून बोलता,” एवढं म्हटलं. मायने माझा हात धरून मला घरात नेलं आणि खायला दिलं. मी खाल्लं. ते मी विसरले नाही. सोल्यांचीच भाजी होती आणि मी दोन भाकरी खाल्ल्या.

त्या दिवसापासून बाबा माझ्यामार्फतही काकूशी बोलेनासे झाले. निरोपच बंद झाले. इंजिन चालू ठेवा की बंद करा, ती तिच्या मनाने करायची. महिन्याभरात काका-काकू वरूडला तिच्या भावांकडे राहायला गेले आणि काका तिथेच संत्र्याच्या कामाला लागले. बाबांच्या मागोमाग पट्टी बांधणारं कोणी राहिलं नाही. पुढच्या वर्षी काड्यांसाठी बाबा अमरावतीच्या दोन्ही बंगल्यांत जाऊन आले. एक रोप शेळीने खाल्लं होतं. दुसऱ्याला पिवळं पाहून तिथल्या माळ्याने औषध मारमारून संपवलं होतं. “अकोल्याचे दोन आहेत,” बाबा म्हणायचे. “जाऊ एकदा.” ते झालं नाही. एकट्याने नर्सरी ओढायची होती, मग नजर कमी झाली, आणि डोळे बांधणाऱ्याची नजर गेली की तो अकोल्याला जाऊन तरी काय करणार. वावळ हा शब्द त्यांनी नंतर काढला नाही. मीही काढला नाही. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे मी एका महाविद्यालयात भांडारपाल झाले. तीस वर्षं खडूपासून खुर्चीपर्यंत सगळ्याची नोंद ठेवली. मागच्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा पहिल्याच सकाळी राहिलेल्या कामांची यादी केली. गॅसची नळी बदलणे, डोळे तपासणे, अशी सतरा-अठरा कामं. शेवटी लिहिलं, ‘काकूला सांगणे.’ बाकीची सगळी महिन्याभरात झाली. हे एक उरलं आणि ते रोज दिसायचं. काका वारल्यावर मी वरूडला भेटायला गेले होते, मुलांच्या लग्नांना गेले होते, पण माणसांच्या गर्दीत ते बोलता आलं नव्हतं, किंवा गर्दी आहे म्हणून बरं वाटलं होतं. आता मनात आलं, रिकाम्या हाताने कसं जायचं. अकोल्याचं एक जरी झाड उभं असेल तर त्याच्या काड्या घेऊन जाऊ. असं ठरवल्यावर मला दोन दिवस धड बसता आलं नाही. चहा गार व्हायचा.

अकोल्याचे दोन्ही पत्ते माझ्या जुन्या वहीत होते. पहिल्या जागी चार मजली इमारत होती. दुसऱ्या जागी फाटकातूनच झाड दिसलं आणि माझे पाय भराभर चालायला लागले. वावळ होता. मोठा, डेरेदार, आणि वरपासून खालपर्यंत हिरवा. घरच्या सूनबाईंनी मला आत घेतलं, पाणी दिलं. कमरेएवढ्या उंचीवर खोडाला बाबांनी बांधलेल्या जागेची गाठ होती. गाठीच्या वरचा भाग कापलेला होता आणि खालच्या खुंटातून हे सगळं झाड वर गेलं होतं.

“इथे पिवळं काही होतं का?” मी विचारलं.

“होतं ना. आमच्या सासऱ्यांनी तोडलं. म्हणे रोग आहे, संत्र्यांना लागंल. मागं चार संत्री होती आमची.” त्या हसल्या. “संत्री बी गेली. हा मात्र वाढून रायला. अंगण झाडझाडून जीव जाते माया. तुमाला पाहिजे का? पार्किंगसाठी तोडाचाच आहे.”

मी नको म्हटलं. अंगणात चकत्यांचा थर होता. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं, पण मी पाकिटात मूठभर भरल्या आणि सवयीने वर लिहिलं: ‘वावळ (साधा), अकोला.’ खाली खुंट साधा, तर बीही साधंच, एवढं मला कळतं.

वरूडला काकू एकटीच होती. मुलगा आणि सून संत्र्याच्या पॅकिंगवर गेले होते. काकू पासष्टीची झाली आहे, गुडघे धरलेत, पण जीभ तीच. “ये वं भांडारपाल,” म्हणाली. “रिटायर झाली म्हनते. आता कोनाले यादी देतं?” मी बसले नाही. उभ्यानेच सांगायला लागले, नाहीतर सांगता आलं नसतं. सातवं काम मी लिहिलं होतं, ‘वावळ सोडून’ एवढे दोन शब्द मी घातले नाहीत, बाबांनी विचारायला पाठवलं तेव्हा मी बोलले नाही, तू मला वाचवलंस आणि तुझं घर मोडलं. सगळं एका दमात सांगितलं. काकूने पाकीट उघडलं होतं. चकत्या तळहातावर चोळून, फुंकर मारून ती दाणे तोंडात टाकत होती.

“ते पेरायला आणलंय,” मी म्हटलं.

“साध्या वावयाले कोन पेरते? बस.” मी बसले. तिने चार दाणे माझ्या हातावर ठेवले. “तुले वाचवाले नाही बोलली मी तसं. शके, मले समजलं होतं. नाव मीच ठेवलं होतं, मले समजनार नाही काय?”

मी दाणे तसेच धरून होते.

“तू नववीत, मी दहावी पास. अन् तू मले लिहून देतं, ‘दुपारी आडवे होऊ नये’. आठवते? मले तिसरा महिना होता. कोनाले सांगितलं नव्हतं, तुया काकाले बी नाही. दुपारी उभं रायवत नव्हतं. कागद पायला अन् डोकं फिरलं. म्हटलं, पोट्टीनं लिवलं ना, प्रत्येक, एक बी ठेवू नये, रेघ मारून. घे मंग. वावयापाशी गेली तवा त्या बाया बी म्हनाल्या, बाई, हे काहून? मी म्हटलं, यादीत आहे.” तिने तोंड पुसलं. “पयलं रोप जायून टाकलं, तवाच वाईट वाटलं. पन थांबली नाही. तुया बापानं बराबर ओयखलं. जानून केलं. मंग मी काय बोलू? तुयं नाव सांगू? कागद रातच्याला चुलीत टाकला.”

बाहेर ट्रॅक्टर जात होते, संत्र्याच्या क्रेटांनी भरलेले. चाळीस वर्षं मी तिची ऋणी होते आणि चाळीस वर्षं ती मला तोंड दाखवायला लाजत होती, आणि बाबा दोघींपैकी कोणाशीच याबद्दल न बोलता गेले. हे कुठे मांडावं ते मला कळेना. हाताला काही काम नव्हतं आणि मला ते सहन होत नाही.

मग काकू म्हणाली, “एक गोष्ट मात्र मले लागली. दहा कामं होती त्या कागदावर. सात नंबर सोडला तर बाकी नऊ मी बराबर केली होती. चार दिवस, तशा अवस्थेत. दोन्ही वाफे निंदले, गुलाब सावलीत घेतले, पिशव्या भरल्या. कोनं एका शब्दानं म्हटलं नाही का हे झालं.”

मी पर्समधून वही काढली. “सांग,” म्हटलं.

“काय सांगू?”

“दहाही सांग.”

तिला सगळी आठवत होती, माझ्याच शब्दांत, ‘करणे’ आणि ‘नये’सकट. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. ‘दुपारी आडवे होऊ नये’ आठवं होतं. ते लिहिताना मान वर करता आली नाही. लिहून झाल्यावर वरून सुरुवात केली आणि एकेका कामापुढे बरोबरची खूण करत आले. सातव्यापाशी पेन थांबलं. त्याला वगळून मी आठव्याकडे जाणार होते.

काकू चष्मा लावून वाकून बघत होती. “त्यापुढं बी कर,” म्हणाली. “केलं तर होतं.”